न वाचतां केलेली सही



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया, तह आणि बखरी उभ्या राहतात. आज ज्या घटनेचा इतिहास मी आपणांस सांगणार आहें, तींत यांपैकीं कांहींच नाहीं. तींत कोणी जखमी झाला नाहीं, कोणाचें राज्य गेलें नाहीं, आणि ज्या दिवशीं ती घडली त्या दिवशीं आपल्यापैकीं बहुतेकांना तिचा मागमूसहि लागला नाहीं. दिनांक ४ जुलै २०१५, वार शनिवार. आपल्याकडे सकाळचा चहा होत होता. त्याच सुमारास बिटकॉइन नांवाच्या चलनाची जगभर पसरलेली हिशेबाची वही दुभंगली; आणि त्या वहीचे राखणदार म्हणून ज्यांच्यावर सर्वांची भिस्त होती, त्यांच्यांतील सुमारें निम्मी शक्ति वही न वाचतांच तिच्यावर मोहोर उठवीत होती, असें उघडकीस आलें.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु सारें आयुष्य हजेरीपटांवर आणि गुणपत्रकांवर सह्या करण्यांत गेलें असल्यामुळें, सही म्हणजे काय आणि तपासणी म्हणजे काय, या दोहोंतील अंतर मला चांगलें ठाऊक आहे. त्या अंतराचाच हा इतिहास आहे.

प्रथम ही वही कसली तें पाहूं. ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं त्यांतील कल्पना प्रत्यक्षांत उतरली. बँकेंत आपलें खातें असलें म्हणजे आपली शिल्लक किती, हें बँकेची वही सांगते. बिटकॉइनला बँकच नाहीं. त्याची वही हजारों संगणकांवर सारखीच उतरलेली असते. सरासरीनें दर दहा मिनिटांनीं तिला एक नवें पान जोडलें जातें. या पानाला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानाची एक अशी खूण असते कीं, मागच्या पानावरील एक अक्षर जरी बदललें तरी ती खूण जुळेनाशी होते. पानें अशीं एकमेकांत अडकलेलीं असल्यामुळें या वहीला ब्लॉकचेन, म्हणजे ब्लॉकांची साखळी, असें नांव पडलें.

नवें पान जोडण्याचा अधिकार कोणाला? जो एक अवघड आंकडेमोडीचें कोडें प्रथम सोडवील त्याला. या कामीं यंत्रें राबवावीं लागतात, वीज जाळावी लागते, आणि जो यशस्वी होतो त्याला नवीं नाणीं बक्षीस मिळतात. २०१५ सालीं हें बक्षीस दर पानास २५ बिटकॉइन होतें. जमिनीच्या पोटांतून सोनें काढणाऱ्यांवरून या लोकांना मायनर म्हणूं लागले. पुढें एकट्यादुकट्याचें हें काम राहिलें नाहीं. मायनरांचे मोठमोठे संघ झाले, आणि त्यांतील पुष्कळ चीनमध्यें होते.

दोघांनीं एकाच वेळीं दोन निरनिराळीं पानें जोडलीं तर काय करावयाचें? नियम सोपा आहे. जिच्यावर अधिक श्रम खर्ची पडले ती साखळी खरी. परंतु या नियमाला एक अट आहे: साखळींतील प्रत्येक पान नियमांप्रमाणें लिहिलेलें असलें पाहिजे. नियमबाह्य पानावर कितीहि श्रम झाले असले तरी तें पान रद्द, आणि त्याच्यावर रचलेलीं पुढचीं सगळीं पानेंहि रद्द. आजची सारी कथा या एका अटीवर उभी आहे.

आतां खरी अडचण येते ती नियम बदलतांना. आपल्या घरांतलें उदाहरण घ्या. टिळक पंचांगाचें गणित आणि इतर पंचांगांचें गणित यांत फरक आहे. कांहीं वर्षीं अधिक मासच वेगवेगळा येतो, आणि एकाच गांवांतील दोन घरांची दिवाळी निरनिराळ्या वेळीं होते. त्यानें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. दोन्ही घरीं फराळ गोडच लागतो. परंतु पैशाच्या वहीला दोन दिवाळ्या परवडत नाहींत. एका वहींत पैसे रामाचे आणि दुसरींत गोविंदाचे, असें झालें कीं चलन संपलें.

हा धोका पूर्वीं दोनदां दिसून आला होता. १५ ऑगस्ट २०१० रोजीं कोणीं एकानें बेरजेंतील एका चुकीचा फायदा घेऊन एका पानांत १८,४०० कोटींहून अधिक बिटकॉइन निर्माण केले. सातोशीच्या नियमाप्रमाणें सर्व काळ मिळून २ कोटी १० लाखांपेक्षां अधिक नाणीं निघावयाचींच नाहींत. कांहीं तासांत दुरुस्त सॉफ्टवेअर निघालें, मायनरांनीं तें घेतलें, आणि चांगल्या साखळीनें वाईट साखळीला मागें टाकलें. दुसरा प्रसंग मार्च २०१३ मधील. सॉफ्टवेअरच्या ०.८ या नव्या आवृत्तीनें नोंदी ठेवण्याचें कोठार बदललें होतें. एक भलें मोठें पान आलें. नव्या आवृत्तीनें तें पचविलें, पण जुन्या कोठारांना तें झेपेना, म्हणून अनेक जुन्या यंत्रांनीं तें नाकारलें. कांहीं तास दोन वह्या समांतर चालल्या. त्या गोंधळांत एकच रक्कम दोन ठिकाणीं दिल्याचा, सुमारें १०,००० डॉलरांचा, एक प्रकारहि घडला. शेवटीं मोठ्या संघांनीं आपण होऊन नवी आवृत्ति काढून जुनी पुन्हां बसविली, आणि जुनी वही खरी ठरली.

२०१३ च्या या प्रसंगानें एक धडा शिकविला. नियम सैल केला, म्हणजे पूर्वीं जें चालत नव्हतें तें चालूं लागलें, तर जुने लोक नव्यांचीं पानें नाकारतात आणि वही फाटते. उलट नियम अधिक कडक केला, तर नव्यांनीं लिहिलेलें प्रत्येक पान जुन्यांनाहि मान्य होतें. कारण जो नऊवारांत बसतो तो दहावारांत बसतोच. मग बहुसंख्य मायनर कडक नियम पाळूं लागले कीं, मागें राहिलेल्या जुन्या मायनराचें चुकार पान आपोआप गळून पडतें. नुकसान होतें तें त्या एकट्याचें. त्याचें बक्षीस बुडतें. बाकीच्यांना झळ लागत नाहीं. कालबाह्य मायनरांपासून वहीचें संरक्षण करण्याची ही रीति कागदावर निर्दोष होती.

२०१५ सालीं जो नियम कडक करावयाचा होता तो सहीविषयींचा होता. बिटकॉइनमध्यें पैसे देणाऱ्याची सही शाईची नसून अंकांची असते. ती तपासण्यासाठीं ओपनएसएसएल नांवाचें एक सर्वसाधारण साधन वापरीत असत, आणि तें साधन थोड्या वांकड्यातिकड्या मांडलेल्या सह्याहि चालवून घेई. जानेवारी २०१५ मध्यें त्या साधनाच्या नव्या आवृत्तीनें एकाएकीं कडक धोरण धरलें. म्हणजे आतां सही खरी कीं खोटी, हें कोणाच्या संगणकांत कोणतें साधन आहे यावर अवलंबून राहणार! त्याच महिन्यांत पीटर वुइले या बिटकॉइनच्या एका प्रमुख कार्यकर्त्यानें सूचना मांडली कीं, सही मांडण्याची एकच काटेकोर रीत ठरवावी आणि तींत न बसणारी सही सर्वांनीं नाकारावी. ही सूचना बीआयपी ६६ या नांवानें ओळखली जाते. या सूचनेमागें आणखी एक कारण होतें, आणि तें त्यांनीं त्या वेळीं जाहीर केलें नव्हतें. विशिष्ट तऱ्हेनें मांडलेली एखादी सही एका जातीच्या संगणकावर खरी आणि दुसऱ्या जातीच्या संगणकावर खोटी ठरत असे. हें छिद्र कोणा दुष्टाला कळतें तर तो मनांत येईल तेव्हां वही फाडूं शकला असता. नियम लागू झाल्यानंतर, २८ जुलै २०१५ रोजीं, त्यांनीं ही हकीकत जगापुढें ठेवली.

नियम लागू कसा करावयाचा? येथें राजा नाहीं, कायदेमंडळ नाहीं, कीं शिक्षणखात्याचें परिपत्रक नाहीं. म्हणून मोजणीची युक्ति योजली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक आवृत्ति-अंक असतो. ज्यानें नवें सॉफ्टवेअर घेतलें तो आपल्या पानावर २ ऐवजीं ३ हा अंक लिहितो. शेवटच्या १,००० पानांपैकीं ७५० पानांवर ३ दिसला कीं, ३ अंकाच्या पानांना नवा नियम लागू. ९५० पानांवर दिसला कीं, यापुढें २ अंकाचें पानच घ्यावयाचें नाहीं. अंक ३ लिहिणें ही एक प्रकारची प्रतिज्ञा होती: "मला नवा नियम ठाऊक आहे आणि मी तो पाळीन." शंभरांत पंचाण्णवांनीं प्रतिज्ञा केल्यावर उरलेल्या पांचांची भीति ती काय?

४ जुलैला ९५० चा आंकडा गांठला गेला आणि ३,६३,७२५ क्रमांकाच्या पानापासून नियम पूर्णपणें अंमलांत आला. थोड्याच वेळांत मागें राहिलेल्या पांच टक्क्यांतील एका लहान मायनरला कोडें सुटलें आणि त्यानें आपलें पान जगापुढें ठेवलें. त्याच्या माथ्यावर अंक होता २. यांत त्याची कांहीं लबाडी नव्हती. त्याचें यंत्र जुनें होतें, इतकेंच. कालपर्यंत असें पान खुशाल चालत होतें. असें एखादें पान येणार हें जाणत्यांना अपेक्षितच होतें. तें येईल, पंचाण्णव टक्के लोक त्याच्याकडे पाहतील, बाजूला सारतील, आणि विषय संपेल, असा सर्वांचा हिशेब होता.

तसें झालें नाहीं. मोठमोठ्या संघांनीं तें पान खरें धरलें आणि त्याच्या पाठीवर दुसरें पान रचलें. दुसऱ्यावर तिसरें, तिसऱ्यावर चौथें. पाहतां पाहतां ती नियमबाह्य शाखा सहा पानांची झाली. हीं पुढचीं पानें रचणारे जुने मायनर नव्हते. आपल्या पानांवर ३ हा अंक लिहून नव्या नियमाला दुजोरा देणारेच ते होते.

हें घडलें कसें? त्याचें उत्तर लोभांत आहे, परंतु तो लोभ इतका साधा आणि ओळखीचा आहे कीं त्याला दुष्टपणा म्हणवत नाहीं. कोणी नवें पान जोडलें कीं तें सबंध पान जगाच्या दुसऱ्या टोंकाला पोंचावयास आणि ओळ न् ओळ तपासावयास कांहीं सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत यंत्रें रिकामीं ठेवणें म्हणजे तोटा. म्हणून संघांनीं एक पळवाट काढली होती. पान हातीं येण्याची वाट न पाहतां, मागील पानाची नुसती खूण मिळाली कीं तिच्यावर पुढचें पान रचावयास लागावयाचें. कांहीं संघ तर ही खूण दुसऱ्या संघानें आपल्या कामकऱ्यांना दिलेल्या कामावरून हेरून घेत. मागील पान कोणीं लिहिलें असेल त्यानें तें नीटच लिहिलें असणार. चुकीचें लिहून स्वतःचे २५ बिटकॉइन कोण बुडवील? हा तर्क बहुतेक दिवशीं खरा ठरे. त्या शनिवारीं तो ठरला नाहीं. आणि खेदाची गोष्ट अशी कीं, दोष पानाच्या पोटांत कोठें दडलेला नव्हता. तो कपाळावरच लिहिलेला होता.

मला येथें माझ्याच नोकरींतील एक प्रसंग आठवतो. आमच्या शाळेंत वार्षिक परीक्षेच्या निकालपत्रकावर तिघांच्या सह्या लागत. पहिल्यानें बेरीज करावयाची, दुसऱ्यानें ताळा पाहावयाचा, तिसऱ्यानें पुन्हां एकदां पडताळावयाचें. एका वर्षीं तिसरी सही माझी होती. वर दोन सह्या दिसल्या, एप्रिलचें ऊन होतें, पत्रकें चाळीस होतीं. मीं सह्या केल्या. त्यांतील एका मुलीची बेरीज दहांनीं कमी धरली गेली होती आणि ती नापास ठरली. तिच्या वडिलांनीं तिची शाळा सोडविण्याचा निश्चय केला. सुदैवानें नुकत्याच लागलेल्या एका तरुण शिक्षिकेनें सहज म्हणून गुण पुन्हां मांडले आणि चूक सांपडली. मागाहून मीं चौकशी केली तेव्हां कळलें कीं, दुसरी सही करणाऱ्यानेंहि ताळा पाहिला नव्हता. तिसरा पाहणारच आहे, असें त्याला वाटलें होतें. कागदावर तीन तपासनीस होते. प्रत्यक्षांत एकहि नव्हता. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो.

पुन्हां आपल्या वहीकडे वळूं. ज्या निम्म्या मायनरांनीं पान खरोखर वाचलें होतें, त्यांनीं तें नाकारलें आणि खऱ्या साखळीवर काम चालूं ठेविलें. चूक ध्यानांत येतांच मोठे संघहि तिकडे वळले आणि खरी साखळी पुढें गेली. सहा पानें रद्द झालीं. दुसऱ्याच दिवशीं, ५ जुलैला, पुन्हां तसेंच घडलें आणि आणखी तीन पानें फुकट गेलीं. नऊ पानें, म्हणजे २२५ बिटकॉइन. त्या वेळच्या भावानें ५०,००० डॉलरांहून अधिक उत्पन्न मायनरांच्या हातचें गेलें.

परंतु मायनरांचा तोटा हा या कथेंतील मुख्य तोटा नव्हे. त्यांनीं आळस केला, त्यांनीं किंमत दिली. भीति होती ती साध्या माणसांची. फोनवर चालणारीं हलकीं वॉलेटें सबंध वही वाचीत नाहींत. त्यांची तेवढी ताकदच नसते. पानांचे नुसते माथे आणि त्यांवर झालेले श्रम पाहून तीं म्हणतात, "पैसे पोंचले." नियम पाळला गेला कीं नाहीं, हें मायनरांनीं पाहिलेंच असेल अशा विश्वासावर तीं चालतात. ज्यांनीं आपलें सॉफ्टवेअर बदललें नव्हतें, त्यांचीहि तीच अवस्था होती. नवा नियम त्यांच्या यंत्रांना दिसतच नव्हता. एखाद्या दुकानदारानें त्या दोन दिवसांत माल दिला असता आणि त्याच्या वॉलेटानें पैसे जमा दाखविले असते, तरी ती नोंद रद्द होणाऱ्या शाखेंतील असूं शकत होती. म्हणून बिटकॉइनच्या संकेतस्थळावर इशारा लावण्यांत आला: अशीं वॉलेटें वापरणाऱ्यांनीं नेहमीपेक्षां आणखी ३० पानें जोडलीं जाईपर्यंत थांबावें. दहा मिनिटांस एक पान या मानानें हे पांच तास झाले. ज्या चलनाची ख्याति घटकाभरांत पैसे पोंचविण्याची, त्यानें आपल्याच लोकांना सांगावें कीं पांच तास विश्वास ठेवूं नका, हा दंड कांहीं लहान नव्हता.

यापुढील इतिहास दुरुस्तीचा आहे, आणि तो मला विशेष बोधप्रद वाटतो. मायनरांना नीतीचे पाठ देऊन कोणी थांबलें नाहीं. त्यांनीं पळवाट कां काढली हें शोधून तें कारणच लहान करण्याकडे लक्ष दिलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें आलेल्या ०.१२ आवृत्तीनें सह्या तपासण्याचें नवें साधन आणलें. तें पूर्वींपेक्षां कितीतरी जलद होतें. त्याच वर्षीं मॅट कोरॅलो यांच्या योजनेप्रमाणें पानें आटोपशीर करून पाठविण्याची सोय झाली; जें समोरच्याजवळ आधींच आहे तें पुन्हां पाठवावयाचें नाहीं, एवढेंच तिचें मर्म. पान लवकर पोंचूं लागलें, लवकर वाचूं येऊं लागलें, आणि न वाचतां पुढें जाण्यांतला नफा तितकाच घटला. नियम लागू करण्याची पद्धतिहि बदलली. बीआयपी ९ या योजनेप्रमाणें २,०१६ पानांच्या एका मुदतींत ९५ टक्के संमति मिळाली तरी नियम लगेच लागू होत नाहीं. आणखी २,०१६ पानें, म्हणजे सुमारें दोन आठवडे, मागें राहिलेल्यांना यंत्रें सुधारण्यास सवड मिळते. २०१६ च्या जुलैमध्यें या पद्धतीनें पहिले नियम लागू झाले. २०२१ सालीं टॅपरूट नांवाचा बदल झाला तेव्हां तर जूनमध्यें संमति मिळाल्यावर अंमल नोव्हेंबरच्या १४ तारखेस झाला. जुन्यांना नुसतें हांकलून न देतां त्यांना सांवरण्यास वेळ देणें, हेंहि वहीचें संरक्षणच होय.

तथापि एक गोष्ट कोणत्याहि योजनेनें साधत नाहीं. पंचाण्णव टक्क्यांनीं अंक लिहिला म्हणजे पंचाण्णव टक्के डोळे उघडे आहेत, असें कधींच समजतां येत नाहीं. अंक लिहावयास क्षण लागतो. वाचावयास श्रम पडतात. ४ जुलैला वही वांचली ती बहुमताच्या मोजणीमुळें नव्हे. ज्यांनीं प्रत्येक पान स्वतः पाहिलें, त्या निम्म्यांच्या हट्टामुळें ती वांचली. आणि त्यांच्या पाठीशीं ज्यांना बक्षीस म्हणून छदामहि मिळत नाहीं, असे घरच्या संगणकावर सबंध वही तपासणारे जगभरचे हजारों लोक होते. नियमबाह्य साखळी लांब असली तरी ती त्यांनीं आपल्या दारांत येऊं दिली नाहीं.

श्रोतेहो, आपण बिटकॉइन घ्या वा घेऊं नका. तो सल्ला देण्यास मी बसलेला नाहीं. परंतु सोसायटीच्या वार्षिक सभेचा हिशेब असो, पतपेढीचा ताळेबंद असो, कीं शाळेचें निकालपत्रक असो, त्यावर आपल्या आधीं दोन सह्या दिसतील. त्या दिसल्या म्हणून आपली तिसरी सही स्वस्त होत नाहीं. माझ्या हातून ती एकदां स्वस्त झाली होती. त्या वर्षापासून नोकरी संपेपर्यंत प्रत्येक पत्रकाची बेरीज मीं बोट ठेवून स्वतः केली. त्यांत दर एप्रिलमध्यें माझे तीन दिवस अधिक जात. आणि त्या तीन दिवसांचा मला कधींहि पस्तावा झालेला नाहीं.